मेट्रनच्या वॉर्डातला भोपळा

१२ जानेवारी

मास्तरीणबाई,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच माझी अर्धी सकाळ गेली. ‘सौ.’ लिहायची सोय राहिली नाही. ‘चि.’ लिहिलं तर तू म्हणशील, आईंना आता सासूपणा सुचायला लागला. शेवटी हुद्दा लिहिला. तू शाळेत विज्ञान शिकवतेस, ते काही कोर्टाच्या कागदांनी बदललेलं नाही.

फोन करता आला असता, पण फोनवर मी बोलत नाही, ऑर्डरी सोडते, असं तूच म्हणायचीस. खोलीचा पत्ता दिला नाहीस, म्हणून हे शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. शिपायाला सांग, पत्र मेट्रनबाईंचं आहे, हरवायचं नाही.

तुझी झाडं जिवंत आहेत. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. जाताना तू म्हणालीस, नव्या खोलीला एक खिडकी आहे फक्त, गच्चीवालं घर मिळालं की टेम्पो पाठवून सगळ्या कुंड्या नेईन, तोवर सांभाळाल का? मी हो म्हटलं खरं. पण जन्मभर मी माणसं सांभाळली. माणूस निदान कण्हतो, बेल वाजवतो, नर्सच्या नावाने खडे फोडतो. तुझं अंजीर तोंडातून शब्द काढत नाही. नुसतं एकेक पान खाली टाकतं आणि माझ्याकडे बघत उभं राहतं. आता ते पार बोडकं झालंय. मी त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी देते आहे, तरी फरक नाही. काय करू ते कळव.

गच्चीवर मी वॉर्ड लावला आहे. अंजीर दाराजवळ, कारण ते सिरियस. ड्रममधलं लिंबू कोपऱ्यात, ते धट्टंकट्टं आहे. टोमॅटो आणि मिरच्या ओळीने, मध्ये राउंड घेण्यापुरती वाट. शेजारचे घड्याळजी कठड्यावरून डोकावून विचारतात, मेट्रनबाई, पेशंट काय म्हणतायत? त्या माणसाला घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून उद्योग नाही. मी उत्तर देत नाही, म्हणजे फार देत नाही.

आमचे चिरंजीव नव्या नोकरीच्या गावी पोहोचले. मी तुम्हा दोघांत पडले नाही आणि आताही पडणार नाही. दोन चांगली माणसं एका घरात बसली नाहीत, एवढंच मी समजते. पण ज्या आठवड्यात मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात घर रिकामं झालं, हे जरा अतिच झालं. सकाळी उठते, घट्ट अंबाडा बांधते, आणि मग आठवतं की जायचं कुठेच नाही.

एक विचारायचं आहे. सह्या तुमच्या दोघांच्या झाल्या. माझी सही कोणी मागितली नाही. मग मी तुझी कोण लागते? घाबरू नकोस, उत्तर आजच नको. झाडं इथे आहेत तोवर मला पत्र लिहायला कारण आहे. त्यानंतरचं तेव्हा बघू.

तुझी,
इथे काय लिहायचं तेही ठरलेलं नाही, तेव्हा नुसतीच तुझी.


३ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. लाल शाईने उत्तर लिहायची काय ती सवय! पोस्टमनला वाटलं असेल मी नापास झाले. झालेच म्हणा. अंजीर थंडीत झोपतं हे मला कोणी सांगितलं होतं? झोपलेल्या पेशंटला उठवून सकाळ-संध्याकाळ पाणी पाजणारी मेट्रन, ही बातमी आमच्या हॉस्पिटलात गेली तर नव्या पोरी पोट धरून हसतील. आता पाणी बंद. त्याच्या बाजूने मी पाय न वाजवता जाते.

तुझ्या बियांच्या डब्यात लाल भोपळ्याच्या बिया सापडल्या. तू दर वर्षी लावायचीस आणि माझ्या कपाळावर आठी यायची, कारण वेल माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर चढायचा. यंदा मी स्वतः लावल्या, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. बोटाचं पेर बुडेल इतक्या खोल, टोक खाली करून, तू करायचीस तसंच. बघत नव्हते असं तुला वाटायचं, पण मी बघत होते.

जागा मिळाली का? घाई नाही. सहज विचारलं.

तुझी


२० मार्च

मास्तरीणबाई,

आज मी तुला असं काही सांगणार आहे की तू शाळेत मुलांना सांगशील. भोपळ्याच्या चार पानांवर तांबडे भुंगे आले. पानांची चाळण केली मेल्यांनी. घड्याळजी म्हणाले, राख टाका. मी म्हटलं, राख टाकायची असती तर मी स्वयंपाकघरात राहिले असते. मी माळ्यावरून तुमची ती मोठी मच्छरदाणी काढली, गरम पाण्यातून धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि वेलाच्या अख्ख्या मांडवावर चढवली. खालून विटा लावून चहूबाजूंनी बंद. आत जाताना मी हात धुते आणि चप्पल बाहेर काढते.

काय वेल वाढलाय म्हणून सांगू! पानाला एक भोक नाही, एक डाग नाही. मुंगीसुद्धा आत येऊ शकत नाही. पहिलं फूल कालच उमललं, पिवळंधमक. आता रांग लागेल. यंदा भोपळे इतके होतील की तुझ्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांना एकेक पाठवीन.

अंजीर जागं झालं. टोकाला हिरवी फूट आली आहे. टोमॅटो घड्याळजींच्या डोक्याएवढे उंच झालेत. ते काही फार उंच नाहीत, तरी.

चिरंजीवांचा फोन होता. बरा आहे. तुझी चौकशी केली नाही, पण झाडांची केली, म्हणजे तेच.

तुझी


८ एप्रिल

मास्तरीणबाई,

मला लाज वाटते आहे, तेव्हा थोडक्यात लिहिते.

भोपळ्याला फुलं खंडीभर आली. काहींच्या मागे गोटीएवढी गोल गाठ असते, काहींच्या मागे नुसता दांडा. गाठवाली बघून मी हरखले होते. पण दोन दिवस जातात आणि गाठ पिवळी पडून गळते. एकही धरलेली नाही. पाणी बरोबर आहे, खत तू लिहिलं होतंस तसंच दिलं, कीड औषधालासुद्धा नाही. इतका स्वच्छ वॉर्ड मी उभ्या हयातीत ठेवला नव्हता, आणि एक पेशंट वाचत नाही.

काय चुकतंय?

तुझी


१९ एप्रिल

मास्तरीणबाई,

कार्डावर तू एकच ओळ लिहिलीस. ‘आई, मच्छरदाणीतून मधमाशी कशी येणार?’

ती ओळ वाचून मी जिन्यात बसले आणि एकटीच हसत सुटले. घड्याळजी धावत आले, त्यांना वाटलं काही दुखापत झाली. त्यांना कार्ड दाखवलं. तेही पायरीवर बसले. मग बराच वेळ आम्ही दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसत होतो. जगातली सगळी घाण बाहेर ठेवायच्या नादात मी नवऱ्या मुलाकडची सगळी वऱ्हाडी मंडळी बाहेर उभी केली होती!

खाली बारीक अक्षरात तू लिहिलेला उपाय मी त्याच दिवशी केला. भल्या सकाळी नराचं फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा दांडा गाठवाल्या फुलाला लावला. अगं, मी आयुष्यभर बाळंतपणं केली, पण त्याच्या अलीकडचं हे काम पहिल्यांदाच हातात आलं. घड्याळजी शिडी धरायला आले होते. त्यांना मी पाठ करून उभं राहायला सांगितलं.

मच्छरदाणी काढली. दुसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या, जणू इतके दिवस फाटकाशीच थांबल्या होत्या. तांबडे भुंगेही आले, त्यांना मी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकते. राखसुद्धा टाकली. घड्याळजींना सांगितलेलं नाही.

अक्षर वाकडं येतंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. पेन बिघडलंय.

तुझी


७ मे

मास्तरीणबाई,

तीन भोपळे धरले. मोठ्या लिंबाएवढे आहेत, देठ जाड, रंग तुकतुकीत. मी त्यांच्याखाली गवत पसरून ठेवलंय. टोमॅटो रोज निघतात. मिरच्यांचं तर विचारूच नकोस.

हे सगळं मी मधे एका कार्डावर कळवलं, तर तू काय लिहिलंस? ‘वा! पेशंट ठणठणीत झालेले दिसतात. मेट्रनबाईंनी आता डिस्चार्ज द्यायला हरकत नाही.’

चेष्टा असेल. चेष्टाच असणार. पण एवढ्यात डिस्चार्जचा विषय काढणं मला बरं वाटत नाही, म्हणून खरी परिस्थिती कळवते. लिंबाला थकवा आहे. पानं हिरवी आहेत, पण मला तो हिरवेपणा पटत नाही. अंजिराने अंग धरलेलं नाही. अशा अवस्थेत त्यांना टेम्पोत घालून धक्के खात नेणं मी माझ्या जबाबदारीवर होऊ देणार नाही. वरवर बरा दिसणारा पेशंट घरी धाडला की तो आठवड्यात परत येतो, हे मी फार बघितलंय.

तेव्हा घर मिळालं असेल तरी जरा थांब. मिळालं नसेल तर बघत राहा, पण चांगलं बघ. गच्चीला ऊन कुठून येतं, पाण्याचा नळ वर आहे का, शेजारी कसे आहेत, हे सगळं नीट बघून घ्यायला हवं. त्याला वेळ लागतो.

पेन अजून तसंच आहे.

तुझी


२६ मे

मास्तरीणबाई,

तू विचारलंस, लिंबाला नेमकं काय होतंय? मला ते सांगता येणार नाही. लक्षणं अशी दिसत नाहीत. उभं आहे, फुललं आहे, वासही येतो. पण रात्री त्याला झोप लागत नसावी.

टोमॅटोचंही तेच. आतून पोखरले आहेत बिचारे. कालच टोपलीभर उतरवले आणि घड्याळजींकडे दिले, ते म्हणाले असे टोमॅटो बाजारात बघायला मिळत नाहीत. त्यांना काय कळतंय.

मिरच्यांना दमट हवा सोसत नाही. भोपळे वाढत आहेत, पण भोपळा वेलावर असताना हलवायचा नसतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. अंजिराला पहिली फळं आली आहेत, ती तर अगदीच नाजूक अवस्था.

एकूण पावसाळा इथेच काढावा लागेल असं दिसतं. त्यानंतर थंडी येईल, आणि थंडीत अंजीर झोपतं. झोपलेल्या पेशंटला हलवत नाहीत.

माझ्या अक्षराबद्दल तू दोनदा विचारलंस. मी ठीक आहे. वह्या तपासता तपासता तू मलाही तपासायला लागलीस. कुंड्या उचलायला घड्याळजी येतात हल्ली. मी बोलावत नाही, तेच येतात. मला काही होत नाही.

तुझी


१२ जून

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी कार्ड नव्हतं, पत्र होतं, आणि शाई निळी होती. मी उघडायच्या आधीच ओळखलं.

‘आई, गेला महिनाभर तुमचं एकही पत्र असं आलं नाही ज्यात काही आजारी नव्हतं. तुमचं अक्षर बघते आहे. माझा पसारा मी तुमच्या गळ्यात बांधला, तुम्ही नाही म्हणणार नाही हे माहीत असून बांधला. आता पुरे. गच्चीची सोय झाली आहे. वीस तारखेला टेम्पो पाठवते. तुम्ही काही उचलू नका, फक्त दार उघडा.’

तुझं सगळं बरोबर आहे. गच्ची मिळाली, बरं झालं. ऊन आणि नळ बघितलास ना? झाडं तुझी आहेत आणि ती तुझ्याकडेच जायला हवीत, यात मला बोलायला जागाच नाही. कुंड्यांना मी नंबर घालून ठेवीन. कुणाला किती पाणी ते चिठ्ठीवर लिहून चिकटवते.

पण एक शब्द मला लागला. गळ्यात बांधला म्हणालीस. असं नव्हतं गं.

तुझी


२० जून

मास्तरीणबाई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, टेम्पोवाल्याच्या हाती देते आहे. तो खाली पायरीवर बसून चहा पितोय आणि मी गच्चीवर उभ्या उभ्या लिहिते आहे. अक्षर सरळ आहे, बघ.

सकाळी तो आला तेव्हा मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याचा काय दोष, पण मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. घड्याळजी आणि तो मिळून कुंड्या खाली नेत होते. मिरच्या गेल्या, टोमॅटो गेले. लिंबाचा ड्रम जिन्याच्या वळणावर अडकला, तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं. पण त्याने तिरका करून काढलाच. मी प्रत्येकाच्या पानांवरून हात फिरवत होते आणि डोळे पुसत होते. शेवटी तो गडी अवघडला. मला बरं वाटावं म्हणून बोलायला लागला. बोलका आहे. म्हणाला, ‘मावशी, वाईट वाटून घेऊ नका. चांगल्या जागी चाललीत झाडं. बाईंची गच्ची केवढी मोठी, थंडीपासून रिकामी पडलीय.’

मी म्हटलं, थंडीपासून कशी? घर आत्ता मिळालं ना?

‘नाही हो. त्यांचं सामान मीच नेलं की. तुम्ही कामावर होता त्या दिवशी. इथून कपाट उचललं ते सरळ तिकडेच चढवलं. गारठ्याने बोटं आखडली होती माझी.’

मी विचारलं, मधे एका खिडकीची खोली होती ना? तो म्हणाला, कसली खोली?

माझ्या हातात अंजिराच्या पाण्याची चिठ्ठी होती. मी ती खाली ठेवली. तो आपल्याच नादात बोलत होता. ‘मी तेव्हाच बाईंना म्हटलं, एवढी झकास गच्ची, काही लावत का नाही? तर म्हणाल्या, माझी झाडं आहेत, पण ती सध्या ड्युटीवर आहेत. सासूबाई रिटायर होतायत ना, त्यांच्याकडे.’

मग तो लिंबू बांधायला दोर शोधत गेला. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि रडले. सहा महिने आलं नव्हतं तितकं रडू आलं. घड्याळजी वर येत होते, ते अर्ध्या जिन्यातूनच परत गेले. शहाणा माणूस आहे तो.

म्हणजे कपाट चढवत होतीस, कोर्टाच्या तारखा होत्या, स्वतःचं सगळं विस्कटलेलं होतं, आणि त्यात तुला हे सुचलं की ही बाई आता सकाळी उठून काय करेल. आपली लाडकी झाडं माझ्या दारात ठेवलीस आणि रिकाम्या गच्चीवर बसून मला लाल शाईने नापास करत राहिलीस. मी विचारायची, घर मिळालं का, आणि तू दर वेळी लिहायचीस, बघतेय. मास्तरीण असून इतकं खोटं बोलतेस?

खोटं बोलण्यात मीही मागे नाही. लिंबाला काही झालेलं नाही. झालं नव्हतंच कधी. टोमॅटोला कीड नाही, मिरच्या मजेत आहेत, आणि अंजिराने असं अंग धरलंय की दोघांना उचलावं लागलं. झाडं चांगली झाली म्हणून कळवलं की तू ती नेशील, आणि नेलीस की मग मी कोणत्या तोंडाने पत्र लिहिणार, ही भीती होती मला. म्हणून ठणठणीत पेशंट अडवून ठेवले. पेनही बिघडलं नव्हतं. मच्छरदाणी काढताना स्टुलावरून पडले आणि मनगट मोडलं. आता प्लॅस्टर निघालंय. घड्याळजींनीच नेलं होतं दवाखान्यात, आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ त्यांना मीच घातली होती. मला भार होतोय असं तुला वाटलं, ते माझ्या या नाटकांमुळे. झाडांचा भार मला एक दिवस झाला नाही.

एक क्षण मनात आलं, सगळं उतरवून घ्यावं. टेम्पो रिकामा पाठवावा आणि म्हणावं, ये आणि ने तुझी तू. पण नको. सगळं पाठवते आहे, एक कुंडीही मागे ठेवली नाही. भोपळे तिन्ही पिकलेत, देठासकट उतरवून गोणपाटात गुंडाळलेत. झाडं इथे असली तरच तुला पत्र लिहिता येईल असं मी धरून बसले होते. आता मला त्यांची सबब नको. मला तुझी आठवण येते म्हणून मी लिहीन, आणि तुला वाटलं तर तू उत्तर देशील. जानेवारीत मी विचारलं होतं, तुझी कोण लागते. त्याचं उत्तर तू तेव्हाच देऊन बसली होतीस, फक्त मला ते आज टेम्पोवाल्याकडून कळलं.

त्याचा चहा संपला, हॉर्न वाजवतोय. पत्ता मी त्याच्याकडून लिहून घेतला आहे. रविवारी सकाळी मी येते. तू घरी नसलीस तर पायरीवर बसेन. तुला जवळ बसवून नीट बघायचं आहे, वाळली असशील तर रागवायचं आहे, आणि चिरंजीव सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं आहे. झाडांकडे वेळ मिळाला तर बघीन.

तुझी आई